कळतंय हो, वळायचं कुणाच्या जिवावर?

पुण्यातल्या एका सभागृहात, अंगावर शहारा येईल इतक्या गार एसीत, भातशेती आणि हवामानबदल यावर परिसंवाद होता. विषय चांगला, माणसं शिकलेली, चहा बिनसाखरेचा. तिसऱ्या वक्त्याने पडद्यावर दोन चित्रं दाखवली. एकात धुराने भरलेला राब, म्हणजे भाताची रोपं करायला भाजलेला तुकडा, दुसऱ्यात पोटरीभर चिखलात वाकलेल्या बायका. मग त्याने ते वाक्य टाकलं. ‘‘अहो, शेतकऱ्याला कळतं, पण वळत नाही!’’ सभागृह हसलं. दुपारच्या जेवणात इंद्रायणीचा मऊ भात होता. तो सगळ्यांनी दोनदा वाढून घेतला.

हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकतोय. बोलणारे बदलतात, पडद्यावरची चित्रं मात्र बदलत नाहीत. माझं घर महाडकडचं, चार पिढ्या भाताची. मी स्वतः आता पगारावर जगतो, शेत चुलतभाऊ करतो. तेव्हा मी काही घामाच्या धारांचा दाखला घेऊन उभा नाही. पण ज्याच्या हाताने लावलेलं भात आपण खातो, त्याच्याविषयी असं हसू आलं की मला भात जात नाही.

आधी त्या मंडळींचं म्हणणं त्यांच्यापेक्षा नीट मांडतो, म्हणजे नंतर कुरकूर नको. म्हणणं असं: कोकणातला भातशेतकरी राब भाजतो, म्हणजे झाडं ओरबाडतो आणि हवा बिघडवतो. खाचरात पाणी कोंडतो, त्यातून मिथेन उठतो आणि पृथ्वी तापते. युरिया मुठीने फेकतो. फवारताना तोंडाला फडकंसुद्धा बांधत नाही. अनवाणी चिखलात उतरतो आणि लेप्टोचा ताप आला की सरकारच्या नावाने बोटं मोडतो. शाश्वत तंत्र दारात आणून ठेवलं तरी ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणतो. तेव्हा गरज आहे ती जनजागृतीची. पत्रकं, मेळावे, पथनाट्य, जमल्यास एक ॲप.

राबापासून सुरुवात करू, कारण तो धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जातो.

मार्च-एप्रिलमध्ये रोपं करायच्या तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर कवळ, म्हणजे तोडून वाळवलेल्या फांद्यांचा टहाळ, मग पातेरा, गवत, वरून मातीचा हलका थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग. हळूहळू, धुमसत. भडका उडाला तर राब फुकट गेला असं जुनी माणसं म्हणतात. हे सगळं लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या हिश्शावर. तणाचं बी जळतं, राख मिळते, माती भुसभुशीत होते आणि रोप उपटताना मूळ न तुटता हातात येतं. शेवटचा फायदा पडद्यावर दिसत नाही. तो दिवसभरात शेकडो मुठी रोपं उपटणाऱ्या बाईच्या मनगटाला कळतो.

आणि ‘राब म्हणजे अडाणीपणा’ हे मत तरी नवं आहे का? एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारचं वनखातं नेमकं हेच म्हणत होतं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत कवळ तोडण्यावर बंधनं आली, तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. त्यानंतर काही वर्षांनी जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा शेतीरसायनाचा जाणकार विलायतेहून आला, देशभर हिंडला आणि १८९३ च्या आपल्या अहवालात त्याने सांगून टाकलं की इथला चांगला रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्यापेक्षा कमी नाही, काही बाबतींत सरसच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी तर जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर १९१२ मध्ये राबावर स्वतंत्र अभ्यासच प्रसिद्ध केला. मातीला आच दिल्याने नेमकं होतं काय, हा त्यांचा प्रश्न. ज्यांनी बांधावर येऊन बघायची तसदी घेतली, त्यांना त्यामागे कारण दिसलं. ज्यांनी घेतली नाही त्यांना शेतकरी १८८५ मध्येही अडाणी वाटला आणि आजही वाटतो. मग मागासलेलं कोण राहिलं?

राबाने काहीच नुकसान होत नाही असं मी म्हणत नाही. कवळीपायी झाडं खुंटली, शेण जळून गेलं, हे खरं. राब न भाजता रोपं करण्याचे मार्ग आहेत आणि आमच्याकडे कितीतरी जणांनी ते घेतलेही. पण एक गुंठाभर धुमसलेल्या राबाचा फोटो काढणाऱ्याला त्याच फोटोच्या मागच्या बाजूला जेसीबीने बोडका केलेला डोंगर दिसत नाही, याचं मला नवल वाटतं. तिथे ‘निसर्गाच्या कुशीत’ प्लॉट पडलेत. त्यांच्या मालकांसाठी कुठे जनजागृतीचा मेळावा असेल तर मला बोलवा.

आता मिथेन. साचलेल्या पाण्याखाली हवा पोचत नाही, तिथले जिवाणू कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून मिथेन करतात, तो भाताच्या पोकळ काडीतूनच वर येतो. हे विज्ञान पक्कं आहे. माणसामुळे जगात होणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ८ टक्के भातखाचरांतून येतो असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. उरलेला खनिज तेल, वायू, कोळसा, गुरं, कचऱ्याचे डोंगर यांतून. पण या विषयाला थोडा इतिहास आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतातल्या भातशेतीचा मिथेन वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन ठरवला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशातल्या खाचरांत प्रत्यक्ष मोजणी केली. आकडा आला सुमारे ४० लाख टन. नवाला एक! त्याच वर्षी पर्यावरण-अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी साधा प्रश्न विचारला होता: पोटासाठी पिकवलेल्या भाताचा वायू आणि चैनीसाठी जाळलेल्या पेट्रोलचा वायू एकाच तराजूत कसा घालायचा? पस्तीस वर्षं होत आली. सभागृहाच्या पार्किंगमध्ये मला त्याचं उत्तर सापडलं नाही.

यावर उपाय म्हणून सांगितलं जातं ते ‘पाणी आलटून पालटून’. भोकं पाडलेला पाइप शेतात गाडायचा, पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेलं की पुन्हा पाणी द्यायचं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हे रुजवलं. पाणी वाचतं, मिथेनही बराच घटतो. जिथे कालवा आहे, पंप आहे, चावी आपल्या हातात आहे, तिथे उत्तम. आता हा पाइप घेऊन महाडला या. जुलैत पाऊस तीन-तीन दिवस खळत नाही. चावी वरच्याच्या हातात. खाचरं पायऱ्यांसारखी, एकातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. मी माझं शेत सुकवायला बांधाला खांड पाडली तर पाणी जाणार कुठे? खालच्या खाचरात. ते चुलत्याचं. त्यात त्याने कालच खत टाकलेलं. मग जे होईल ते मिथेनपेक्षा स्फोटक असेल. हे शेतकऱ्याला कळत नाही म्हणून तो पाइप गाडत नाही, असं आहे का? की पाइप आणणाऱ्याला पाऊस कळलेला नाही?

पण माझा खरा राग आहे तो ‘तंत्र दारात आणून ठेवलं तरी घेत नाहीत’ या वाक्यावर. इथे जरा थांबतो.

चारसूत्री भातशेती महाराष्ट्रातल्याच एका शास्त्रज्ञाने, डॉ. ना. कृ. सावंत यांनी, बसवली. सूत्रं खरोखर शहाणपणाची. तुसाची राख रोपवाटिकेत घाला, म्हणजे रोपाला सिलिका मिळेल. बांधावरच्या गिरिपुष्पाचा (आमच्याकडे उंदीरमारी) हिरवा पाला चिखलात गाडा. रोपं १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतराने, दोरी धरून लावा. आणि चौथं, युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मधोमध हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचा. खत वाहून जात नाही, हवेत उडत नाही, ओढ्यात उतरत नाही. कमी खतात जास्त भात. याहून शाश्वत काय असतं?

आता जरा हिशोब. दर चार चुडांमागे एक गोळी म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या. एकरी पंचवीस हजारांवर. एक बाई मिनिटाला दहा गोळ्या खोचते असं धरा. दिवसभर वाकून, पाठीवर इरलं, इरल्यावर पाऊस. एका एकराला एका बाईचे पाच दिवस. त्याच एकरात युरिया फेकायला लागतो अर्धा तास, तोही उभ्याने. आमच्याकडे बाईमाणसाचा रोज ३०० रुपये, पुरुषाचा ५००, आणि गोळी खोचायला पुरुष येत नाही. ते ‘बायकांचं काम’. त्यात लावणी झाली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, गोळी गेली पाहिजे. म्हणजे गावातल्या सगळ्यांना त्याच आठवड्यात त्याच बाया हव्यात. पोरंपोरी मुंबईला, सुना एमआयडीसीत. बाया आणायच्या कुठून? शिवाय गोळी खत वेळेवर मिळालं तर. आमच्याकडे दोन वर्षं ते लावणी उरकल्यावर आलं. पोत्याचा पुढे दगड झाला, तो अजून गोठ्यात दार अडवायला आहे.

आणि दुसरीकडे युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. उरलेली किंमत सरकार भरतं, वर्षानुवर्षं, न चुकता. गिरिपुष्पाच्या पाल्यावर अनुदान किती? वाकलेल्या पाठीवर किती? ज्या देशाने फेकायचं खत स्वस्त करून ठेवलं आणि खोचायची मजुरी महाग, त्या देशात शेतकरी फेकतो. त्याला व्यसन म्हणायचं की त्रैराशिक?

दुसरं ‘सगुणा भात तंत्र’. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी कर्जत तालुक्यात उभं केलेलं. गादीवाफे एकदाच करायचे, मग नांगर नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने भोकं पाडून भाताचं बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, त्यावर वाल किंवा हरभरा. माझ्या चुलतभावाने, दादाने, हे १० गुंठ्यांवर करून पाहिलं. कोणी जागृती केली नव्हती. शेजारच्या तालुक्यातल्या मेव्हण्याचं शेत बघून आला होता. पहिल्या वर्षी टोकलेलं बी मोरांनी आणि खेकड्यांनी खाल्लं, उरलेल्यात लव्हाळा इतका माजला की भात शोधावं लागलं. गावाने यथेच्छ टवाळी केली. दुसऱ्या वर्षी त्याने पाच गुंठेच केलं. तिसऱ्या वर्षी वीस. आता घराजवळचं सगळं तसंच आहे.

पण ते त्याने का केलं, हे त्या वक्त्याने ऐकावं. मिथेनसाठी नाही. काकीच्या गुडघ्यांसाठी. तिला लावणीला वाकता येईना आणि दुसरं कोणी येईना. आणि तीन वर्षं तोटा सोसायला घरात एक पगार होता, मुंबईच्या धाकट्याचा. ज्याच्या घरात तो पगार नाही, त्याने पहिल्याच वर्षी मोरांना घातलं असतं तर पुढच्या गणपतीत काय शिजवलं असतं? त्याच्या ‘बघू पुढच्या वर्षी’त आळस शोधू नका. भाताच्या कणग्या मोजून माणूस ते बोलतो.

या तंत्राची एक गोम तेवढी मी लपवणार नाही. चिखलणी गेली की तण येतं, आणि तण आलं की तणनाशक. ग्लायफोसेट. तेच, ज्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्राने २०२२ मध्ये काढली. म्हणजे एका सरकारी टेबलावर हे तंत्र शाश्वत, दुसऱ्या टेबलावर त्यातली बाटली धोक्याची. मधल्या जागेत दादा उभा, खांद्यावर पंप. हातखुरपणी कर म्हणावं तर पुन्हा तीच वाकलेली पाठ. यातून वाट काढायचं काम कोणाचं? संशोधन केंद्राचं, यंत्र बनवणाऱ्याचं, की दुपारी बारा वाजता बांधावर एकट्या पडलेल्या त्या माणसाचं?

आरोग्याचं बोलताना मंडळींचा सूर जरा हळवा होतो. ‘स्वतःच्या जिवाचीसुद्धा पर्वा नाही हो त्यांना.’ उपाय पत्रकात छापलेले असतात: गमबूट घाला, हातमोजे घाला, जखम झाकून ठेवा.

चिखलणी केलेल्या खाचरात गमबूट घालून कोणी उतरलंय का? चार पावलं टाका. पाचव्या पावलाला बूट चिखलात राहतो आणि पाय वर येतो. हातमोजा घालून मुठीतून तीन काड्या वेगळ्या करून दाखवा. पंधरा दिवस लावणी केली की पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडून सोलते, रात्री आग होते. बाया हळद तेलात खलून भरतात आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात उतरतात. त्याच भेगांतून लेप्टोस्पायरा शिरतो. उंदराच्या मुतातून आलेला, साचलेल्या पाण्यात टिकून राहिलेला. जगात इतरत्र या तापाला भातखाचराचा ताप असंच नाव आहे. सिंधुदुर्गापासून वर सगळ्या कोकणाला तो ठाऊक आहे. आशाताई घरोघर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, आठवड्याला एकदा घ्यायच्या. बाया घेतात. उपाशीपोटी घेतली की मळमळतं म्हणून काही जणी जेवणानंतर घेऊ म्हणतात आणि जेवण होईतो तीन वाजतात. एवढाच त्यांचा ‘निष्काळजीपणा’.

माझ्या काकीला एका जुलैत ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईना, डोळे लाल. जिथे नेलं तिथे साधा ताप म्हणून परत पाठवलं. रक्त तपासायचं साहित्य त्या दिवशी नव्हतं. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा गाडी करून शहरात नेलं. वाचली. लेप्टो आहे हे पहिल्या दिवशी ओळखलं कोणी? तिनेच. ‘‘हा खाचराचा ताप हाय,’’ म्हणाली होती. तिला कळलं होतं. ज्यांना कळवायचं ते पत्रक छापत होते.

आणि बाई चिखलात कमी दिवस उभी राहावी असं खरोखर वाटत असेल, तर तिच्या पायातल्या बुटापेक्षा लावणीच्या यंत्राचं बोला. छोट्या, तिरक्या, दहा-पंधरा गुंठ्यांच्या खाचरात वळेल असं यंत्र, आणि ते तालुक्यात भाड्याने मिळेल अशी सोय. ते बोललं की खर्चाचा विषय निघतो. म्हणून बुटावर बोलतात.

आता हवामान. ‘हवामान बदलतंय, शेतकऱ्याने बदलायला हवं’ हे वाक्य तर इतकं गुळगुळीत झालंय की हातातून सटकतं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मेला केरळात, २६ मेला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. आमच्याकडे राबाची माती धुळीसारखी असताना धूळवाफेवर बी पेरतात. त्या वर्षी धूळच राहिली नाही. बी भिजत घालून रहू, म्हणजे मोड, काढा, चिखलावर फेका, कुजलं तर पुन्हा फेका. लोकांनी ते केलं. दोन आठवड्यांत आमच्याकडे लोकांनी पेरणीची पद्धत बदलली आणि त्याची बातमी झाली नाही, कारण ते कोणत्याही प्रकल्पाखाली झालं नाही. बदलायला हवं म्हणता? ते जूनमध्येच बदलून बसलेत.

त्याच गोष्टीचं दुसरं टोक ऑक्टोबर. कापलेलं भात शेतात पसरलेलं, परतीचा पाऊस येतो, लोंब्यांना मोड फुटतात. हिरवे, नाजूक, दिसायला सुंदर. आता विम्याकडे बघा. भात पाण्याखाली गेलं तर स्थानिक आपत्ती म्हणून वैयक्तिक भरपाई मिळण्याची तरतूद पंतप्रधान पीकविम्यात होती. २०१८ मध्ये ती काढून टाकली. भाताच्या शेतात पाणी असतंच, मग बुडालं हे ठरवायचं कसं, असा पेच म्हणे! ती परत आणण्याची घोषणा झाली नोव्हेंबर २०२५ मध्ये, २०२६ च्या खरिपापासून. मधली वर्षं आठवा. २०१९ चा ऑक्टोबर, परतीच्या पावसाचा. २०२१ चा जुलै, महाड-चिपळूणचा पूर. बुडालेलं भात कळायला विम्याला सात वर्षं लागली. आणि महाराष्ट्राने २०२५ मध्ये एक रुपयाचा विमा बंद करताना काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाईही वगळली, सगळं महसूल मंडळातल्या सरासरी उत्पादनावर सोडलं. मंडळ बुडालं तर तुम्ही बुडालात. एकटे बुडालात तर नाही बुडालात. हे धोरण ठरवणाऱ्यांना कोणी म्हणालं का, की कळतं पण वळत नाही?

तंत्र बदलणं म्हणजे एका वर्षाचा धोका अंगावर घेणं. आधीच दोन्ही टोकांनी पाऊस धोका वाढवतोय, विमा हात काढून घेतोय, आणि त्यावर तुम्ही सांगता की आणखी एक धोका घे, जगासाठी. जग काय देतं? २०२५-२६ साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. भरडल्यावर त्यातून तांदूळ निघतो ६५ ते ६७ किलो. म्हणजे तांदळाचे त्याला किलोमागे छत्तीसेक रुपये. परिसंवादाच्या बाहेर स्टॉलवर ‘पारंपरिक, विषमुक्त, हातसडी’ तांदूळ त्याच्या चौपट भावाने होता. मी विचारलं, शेतकऱ्याला यातले किती? विकणाऱ्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘सर, मी इव्हेंटवाल्यांकडून आहे.’’

मग येतात कार्बन क्रेडिटवाले. मिथेन वाचवा, पैसे मिळवा. चीनमधल्या भातशेतीच्या ३७ प्रकल्पांची अशी क्रेडिट्स व्हेरा या नोंदणी संस्थेने २०२४ मध्ये नाकारली, तो भाग सोडून देऊ. कोकणात पहिलाच प्रश्न: सही कोणाची घेणार? आमच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत. त्यातले नऊ वारले, चार बडोद्याला, एकाचा पत्ता नाही. कसतो एकटा दादा. राबते काकी, तिचं नावच नाही. अनुदानाला संमतीपत्र लागतं, विम्याला लागतं, क्रेडिटला तर लागेलच. शाश्वत शेतीच्या आड इथे उभा आहे तो तलाठ्याकडचा कागद. पण कागदावर पथनाट्य करता येत नाही.

राहिले ते ‘आजोबांच्या शेतीकडे परत चला’वाले. माझ्या आजोबांच्या शेतीला घरातली अकरा माणसं, चार बैल आणि सहा म्हशी लागत. म्हशींचं शेण होतं म्हणून युरिया नव्हता. अकरा माणसं होती कारण त्यातल्या कोणाला शाळा नव्हती. ही किंमत पुन्हा मोजायची असेल तर तुमच्या मुलांना पाठवा, म्हशी आम्ही बघतो.

आणि ‘शेतकरी नवं करत नाही’ म्हणणाऱ्यांच्या ताटात कितीतरी वेळा एचएमटी तांदूळ असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतात तीन वेगळ्या लोंब्या पाहिल्या, बी राखलं, वर्षानुवर्षं निवडलं आणि तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्याला दिलं. पदवी नाही, जमीन नावापुरती. तो तांदूळ देशभर गेला. पुढे कृषी विद्यापीठानेही त्यातूनच वाण आणला. दादाजी २०१८ मध्ये गेले, हलाखीतच. इथे नवं करायची खोट नव्हती. नवं करणाऱ्याच्या हातात काही पडेल याची सोय नव्हती, आणि ही गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक धानकऱ्याला पाठ आहे.

तेव्हा पुन्हा सांगतो, जरा मोठ्याने. भातशेतकऱ्याला राबाचं कळतं, मिथेनचंही सांगितलं तर कळतं, युरियाने जमीन आंबते हे कळतं, लेप्टो कशाने होतो हे तुमच्या डॉक्टरआधी कळतं. त्याला हेही कळतं की बदलाचा फायदा तिघांत वाटला जातो, खाणाऱ्यात, हवेत आणि थोडा त्याच्यात. आणि खर्च मात्र एकट्याच्या अंगावर येतो. ज्या दिवशी खोचलेल्या गोळीची मजुरी युरियाच्या अनुदानातून निघेल, यंत्र तालुक्यात मिळेल, फसलेल्या पहिल्या वर्षाचं भात कोणी भरून देईल आणि काकीचं नाव कागदावर येईल, त्या दिवशी मेळावा घ्यायला माणसं उरणार नाहीत. सगळी शेतात असतील. तोवर वळत नाही ते त्या गार सभागृहात बसलेल्यांना. अन्नाची खरी किंमत द्यावी लागेल हे त्यांना कळतं. चांगलं कळतं.

घरी आल्यावर मी दादाला फोन केला आणि त्या वक्त्याचं वाक्य सांगितलं. तो चिडला नाही. मागे पावसाचा आवाज होता, कोणीतरी पत्र्यावरून ओरडत होतं. म्हणाला, ‘‘त्या सायबांना म्हणावं, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या. इरलं मी देतो, गोळ्या मी देतो, दुपारची भाकरी काकी देईल. एकर नको. एकच गुंठा खोचून दाखवा. सव्वासहाशे गोळ्या हायत फक्त.’’